दत्तक मांजर घरी आणताना: खोली, खाणं, पाटी, जाळी, पाऊस (कोल्हापूर)

गवतीचहा

साधारण ५ महिन्यांची भाटी (मादी मांजर) दत्तक घ्यायचं ठरलं आहे. रस्त्यावरून उचललेली, मागच्या पायाची जखम आता भरलेली, सध्या ओळखीच्यांकडे तात्पुरती आहे. लशीचा कागद नाही. घर ताराबाई पार्कात दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनी उघडी. घरात सासूबाई आणि ८ वर्षांचा मुलगा. मांजर याआधी कुणीच पाळलेलं नाही.

नेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेलं असतं. इथला पाऊस, इथल्या खिडक्या, इथे मिळणारं सामान धरून कुणी सांगेल का? पहिला आठवडा कसा काढायचा, खायला काय आणि किती, शी-शूची सोय, डॉक्टरांकडे कधी, बाल्कनीचं काय करायचं. ‘प्रेम द्या, सगळं जमेल’ सोडून. मापं आणि आकडे हवेत.

उनाड_बोका

पहिला आठवडा एकच खोली. अख्खा फ्लॅट पहिल्या दिवशी मोकळा सोडला तर ती फ्रिजमागे नाहीतर पलंगाच्या बॉक्समध्ये शिरणार आणि तुम्ही तिला ओढून काढणार. तिथेच पहिला बिघाड होतो. म्हणून आणायच्या आदल्या दिवशी खोलीत गुडघे टेकून फिरा. कपाटामागची फट, पलंगाखालची पोकळी, वॉशिंग मशिनची मागची बाजू, सगळं गोधड्या-उशा कोंबून बंद करा.

लपायला जागा तुम्हीच द्यायची. साधारण दीड फूट लांबीचा पुठ्ठ्याचा खोका, त्याला समोरासमोर दोन भोकं. एकच भोक असेल तर मांजराला कोंडल्यासारखं होतं आणि ते आतून फिसकारतं. खोक्यात तात्पुरत्या घरातलं न धुतलेलं फडकं घाला, ते आठवणीने मागून घ्या. ओळखीचा वास हा तिच्यासाठी निम्मा दिलासा.

शी-शूची पाटी एका कोपऱ्यात, खाणं समोरच्या कोपऱ्यात, पाणी दोन्हीपासून लांब. खोली छोटी असली तरी पाटी आणि ताटलीत ५-६ फूट हवेतच.

तुम्ही दिवसातून ४-५ वेळा आत जाऊन जमिनीवर बसा. तिच्याकडे तोंड करून नाही, कुशीने. रोखून बघू नका. नजरेला नजर मिळाली तर डोळे सावकाश मिटून उघडा. हात पुढे करायचा तो नाकाच्या उंचीवर, एक बोट, आणि थांबायचं. ती वास घेऊन गाल घासेल तेव्हाच गाल-हनुवटी खाजवा. पोट आणि पाठीचा शेपटीकडचा भाग महिनाभर विसरा.

पहिले दोन दिवस फक्त रात्री खाल्लं तरी हरकत नाही. पण २४ तासांत अजिबात काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मोठं, त्यातही जाड मांजर २-३ दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. ‘भूक लागली की खाईल’ हा कुत्र्याचा न्याय मांजराला लावू नये.

गोठा_ते_गच्ची

पशुवैद्यकातली नोकरी करून निवृत्त आहे, म्हणून वैद्यकीय भाग मी घेतो. डोस मुद्दाम देत नाही. तो वजनावर ठरतो आणि तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आणल्यापासून २-३ दिवसांत तपासणी. नेताना ताजी शी एका छोट्या डबीत न्या, जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. डॉक्टरांना सांगून चार गोष्टी बघून घ्या. कान: आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ म्हणजे कानातले कीटक. त्वचा: गोल, केस गेलेला, खपली धरलेला चट्टा म्हणजे गजकर्णाची शंका. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काही चिकटलेलं असेल तर तो फीतकृमी, आणि तो पिसवांमधून येतो, त्यामुळे दोन्हींवर एकदम उपाय. चौथी गोष्ट म्हणजे पाय. जखम भरली म्हणून थांबू नका, वाकवून-ताणून बघायला सांगा.

घरात दुसरं मांजर असेल किंवा येणार असेल तर रक्ताच्या थेंबावरची ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांत एकमेकांना लागणारे दोन विषाणू) यांची चाचणी आधी करून घ्या.

जंताचं औषध दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, पुढे ६ महिन्यांची होईपर्यंत महिन्याला, मग दर ३ महिन्यांनी. लस: तिरंगी, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, कॅलिसी आणि हर्पिस. ५ महिन्यांच्या मांजराला ३-४ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि वर्षाने बूस्टर. रेबीजची स्वतंत्र, आपल्याकडे दरवर्षी. ताप किंवा जुलाब असताना लस टोचून घेऊ नका.

नसबंदी आत्ताच्या वयात. ४ महिन्यांपासून भाटी माजावर येऊ शकते. गाभण काळ ६३ ते ६५ दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. ‘एकदा विऊ दे, मग करू’ याला वैद्यकीय आधार शून्य. उलट लवकर केल्याने पुढे स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील. पिल्लांना मोठ्यांइतका लांब उपास चालत नाही, साखर उतरते. टाके १० ते १४ दिवस. चाटू नये म्हणून गळ्यातला शंकू किंवा जुन्या टी-शर्टच्या बाहीला चार भोकं पाडून केलेला अंगरखा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली तापाची गोळी मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. ५०० मिलीग्रॅमची अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर, तोंड आणि पंजे सुजलेले, धाप, अशी लक्षणं काही तासांत दिसतात. लक्षणांची वाट न बघता गोळीचं पाकीट घेऊनच दवाखाना गाठायचा, उतारा आहे पण तो लवकर मिळाला तरच. तसंच कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर थरथरून झटके देतं. ‘थोडंसंच लावलं’ हे वाक्य दवाखान्यात फार ऐकू येतं.

शिळी_भाकरी

लई झालं की औषधपाणी. आमच्या गावाकडं पिढ्यान्‌पिढ्या दूध-भाकरीवर मांजरं जगली. त्यांना कुठलं टॉनिक आणि कुठलं पाकीट?

पाव_किलो_काळीज

जगली, कारण दूध-भाकरी हा त्यांचा नाश्ता होता. जेवण उंदीर, पाली, चिमण्या. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य शरीरात पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून अशक्त होतं. भाकरीत ते नाही, दुधात नावापुरतं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर कुठून आणणार?

दुधाचं वेगळंच. दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात. गंगावेशीत पैलवान पितात ते धारोष्ण म्हशीचं दूध कितीही अस्सल असलं तरी ते पैलवानासाठी.

गवतीचहा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ५ महिन्यांची भाटी साधारण २ किलोची धरू. तिला दिवसाला २३० ते २८० किलोकॅलरी लागतात. पिल्लांच्या कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला ३८० ते ४०० असतात, म्हणजे दिवसाला ६० ते ७० ग्रॅम, चार वेळांत विभागून. पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ लिहिलंय का बघा, काही पाकिटं नुसत्या खाऊची असतात. किचनचा काटा वापरा. वाटीचं माप सगळ्यांना फसवतं.

निम्मं कोरडं, निम्मं ओलं हे उत्तम. मांजराची तहान मुळात मंद, शरीराचं पाणी ते भक्ष्यातून घेतं. किलोमागे दिवसाला ५० मिली पाणी पोटात जायला हवं. नुसत्या कोरड्यावर ठेवलं तर ते सगळं पिऊन भरावं लागतं आणि बहुतेक मांजरं तेवढं पीत नाहीत.

घरचं चिकन द्यायचं तर बिनमीठ, बिनहळद, कांदा-लसूण नाही, उकडलेलं, हाड काढून. शिजलेलं हाड चिरफाळतं आणि आतड्यात टोचतं. उकडलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्यातच उतरतं, तेच ओता वर. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत असं चिकन बिनधास्त. त्यापुढे जायचं तर हिशोब लागतो: नुसत्या बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं. किलोभर मांसाला अंड्याच्या कवचाची बारीक पूड सपाट चमचाभर, म्हणजे ५-६ ग्रॅम, आणि टॉरिनची पूड डॉक्टर सांगतील तेवढी. कोंबडीचं हृदय मिळालं तर जरूर घ्या, टॉरिन भरपूर. कलेजी आठवड्यातून एकदा अंगठ्याएवढी, जास्त झाली तर अ जीवनसत्त्व साठून मणके आखडतात.

तांबडा-पांढरा रस्सा, सुकट, खारवलेला बोंबील यांपैकी काहीही नाही. पांढऱ्या रश्शात तर लसूणच लसूण. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्यानेही तो गुण जात नाही.

जुन्या खाण्यावरून नव्यावर ७ ते १० दिवसांत जा: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. पहिला आठवडा मात्र तात्पुरत्या घरी जे चालू आहे तेच द्या. घर बदललं, माणसं बदलली, त्यात ताटलीही बदलू नका.

गोठा_ते_गच्ची

नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, हेही जोडा. ती मोठी झाली की साधारण पंचवीस टक्के कपात. मोठ्या ४ किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला २०० ते २४० किलोकॅलरी पुरतात.

शिळी_भाकरी

असुदे. उंदरांचं पटलं.

कुंभारगल्ली

पाटीवर कुणी बोललं नाही म्हणून.

दुकानातली सुबक छोटी पाटी ६ महिन्यांत अपुरी पडते. मांजराच्या लांबीच्या दीडपट पाटी हवी. प्लॅस्टिकच्या दुकानातली भाजी-भांड्यांची मोठी आयताकृती पाटी घ्या, आतून निदान १८ बाय १४ इंच, ६ इंच उंच. पायाला इजा झालेली आहे तर एका बाजूची कड कापून ३ इंचांवर आणा आणि कडेला पॉलिश पेपर मारा. झाकणाची पाटी नको, वास आत कोंडतो आणि मांजराला बाहेरचं दिसत नाही. एका मांजराला दोन पाट्या हा नियम फ्लॅटमध्ये ऐकून हसायला येतं, पण पहिल्या तीन महिन्यांत दुसरी पाटी ठेवाच.

आत काय घालायचं:

नदीची वाळू. सवयीची असते, रस्त्यावरचं मांजर लगेच ओळखतं. पण गोळा होत नाही, वास राहतो, दर ३-४ दिवसांनी सगळी बदलावी लागते. आणि हल्ली चांगली वाळू स्वस्तही नाही. दगडाची क्रश सँड अजिबात नको, तिच्यातली भुकटी ओली झाली की पंजाला लेप बसतो.

लाकडाचा भुसा. सॉ मिलमधून मिळतो. फर्निचरवाल्याकडचा प्लाय-एमडीएफचा भुसा घेऊ नका, त्यात डिंक आणि रसायनं असतात, शिवाय तो इतका बारीक की नाकात जातो. उसाच्या चिपाडाचा प्रयोग सुचवणारे इथे भेटतील, आपला भागच तसला. त्यात गोडवा उरलेला असतो, मुंग्या लागतात.

बेंटोनाइट, म्हणजे ओलं झालं की गोळा होणारी माती. माझं मत याच्याच बाजूने. १८ बाय १४ च्या पाटीत २ इंच थर भरायला ८ लिटर, म्हणजे ७ ते ८ किलो लागते. ५ किलोची एक पिशवी पुरत नाही. थर पातळ झाला की लघवी तळाला चिकटते आणि मग ‘लिटर (पाटीतली माती) खराब निघालं’ अशी तक्रार होते. बिनवासाची घ्या. लॅव्हेंडर माणसाला छान वाटतो, मांजराला नाही. २ महिन्यांखालच्या पिल्लांना ही माती देऊ नये, ती खातात. तुमची मोठी आहे.

सकाळ-संध्याकाळ गाळणीने काढा, जेवढं गेलं तेवढं वर घाला, ३-४ आठवड्यांनी पाटी रिकामी करून साध्या साबणाने धुवा. गोळे संडासात टाकू नका, पाइपात फुगून बसतात. कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळे द्या.

जुलै-ऑगस्टात हवेतच एवढी ओल असते की उघडी पिशवी आपोआप मऊ पडते. लाकडी गोळ्या तर न वापरताच फुलून भुसा होतात. पिशवी बाल्कनीत नको, झाकणाच्या बादलीत.

गवतीचहा

खूप आभार. फरशी रोज फिनाइलने पुसतो, ते चालेल ना?

कुंभारगल्ली

नाही. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं कुठलंही जंतुनाशक मांजराच्या घरात नको. त्यातल्या फेनॉलसारख्या द्रव्यांचा निचरा त्यांच्या यकृताला जमत नाही. फरशीवरून पंजाला लागतं आणि पंजा चाटला जातो. साधा साबण आणि पाणी पुरे. कुठे लघवी झालीच तर आधी टिपून घ्या, मग थंड पाणी, मग एन्झाइमचा क्लीनर, १० मिनिटं तसाच ठेवून. अमोनियावालं काही वापरलंत तर तिला वाटेल इथेच करायची जागा आहे. मुंग्या-झुरळांचे खडूसुद्धा बंद, त्यात कीटकनाशक असतं.

उनाड_बोका

आणि पाटीबाहेर केलं म्हणून नाकाला घासू नका, ओरडू नका. पाटी नीट असूनही बाहेर करायला लागली तर पहिला संशय मूत्रमार्गावर, स्वभावावर नाही. आधी लघवीची तपासणी. ‘सूड उगवते’ वगैरे काही नसतं.

जाळीवाले_काका

बाल्कनी. हे काम मांजर यायच्या आधी, नंतर नाही.

कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजराला पुरत नाही. नखांनी धागे सुटतात, दातांनी तुटतात आणि उन्हाने दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते. ३०४ ग्रेडची स्टेनलेस वेल्डमेश, १ इंच बाय १ इंच भोक, तार दीड मिलिमीटरच्या आसपास. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी) स्वस्त पडते पण आपल्याकडच्या पावसात वेल्डच्या सांध्यांवर लवकर गंज धरते. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट, तिला जाळी आतून, पट्टी आणि स्क्रू, दर फुटाला एक स्क्रू. खालची फट इंचापेक्षा जास्त नको. वरची बाजू स्लॅबपर्यंत न्या, अर्ध्या उंचीची जाळी ही तिच्यासाठी शिडी.

ग्रिलचं अंतर मोजा. डोकं गेलं की मांजर गेलं. या वयाच्या भाटीला २ इंचांची फट पुष्कळ. सरकत्या खिडकीची डासांची फायबर जाळी उडी मारताना नखांनी फाटते, त्या जागी जाड पॉलिस्टरची किंवा स्टीलची बारीक जाळी बसवा आणि पल्ल्याला खटका लावा. मांजरं पल्ला पंजाने सरकवतात.

सोसायटीचा प्रश्न येईलच. चौकट कठड्याच्या आतल्या रेषेत बसवली, बाहेरच्या भिंतीला भोक पाडलं नाही, तर इमारतीचं बाह्यरूप बदललं असं म्हणायला जागा राहत नाही. तरी लेखी कळवून ठेवा.

दुसऱ्या मजल्याला कमी समजू नका. पडताना मांजर वळतं, खरं. पण कमी उंचीवरून पडूनही जबडा, टाळू आणि पुढचे पाय मोडतात.

मंगळवार_पेठ

सगळे फ्लॅटवालेच दिसताय. पेठेत कौलारू घर, माळ्यावरून कुठूनही वाट, शेजारचा पत्रा लागून. मांजर आत कोंडणं शक्यच नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उनाड_बोका

पूर्ण आत ठेवणं जमत नसेल तर रात्र तरी आत. बोक्यांची मारामारी, कुत्री, गाड्या, सगळा धोका रात्री वाढतो. त्यासाठी मुख्य जेवण दिवेलागणीला, रोज एकाच वेळी, एकाच आवाजाने. डबा वाजवा, नाव घ्या, काहीही, पण तेच. सकाळी पोटभर देऊ नका, म्हणजे संध्याकाळी पाय घराकडे वळतात. जेवण झालं की माळ्याचं दार बंद.

नसबंदी आणि रेबीज यांत सूट नाही. गळपट्टा असलाच तर ओढ बसली की आपोआप सुटणारा, नाहीतर कौलाच्या खिळ्याला अडकून फास बसतो. नवीन मांजर निदान ४ आठवडे बाहेर सोडू नका, ते जुन्या जागेकडे निघतं.

शेजारी उंदरांचं विष ठेवतात का विचारून घ्या. गुलाबी-निळ्या वडीतलं बरंचसं विष रक्त गोठू देत नाही. लक्षणं ३ ते ५ दिवसांनी दिसतात: फिकट हिरड्या, नाकातून रक्त, धाप. तोवर विष खाल्लेलं कुणाला आठवत नसतं. उतारा के-१ जीवनसत्त्व, काही आठवडे घ्यावं लागतं. चिकट सापळ्यात मांजर अडकलं तर ओढू नका, खोबरेल चोळून सोडवा आणि लगेच तेल धुवा.

चावा बसला तर भोक वरून दोन दिवसांत मिटतं आणि आत पू होतो. अंग गरम, एका जागी बसून, एक भाग फुगीर, तर गळू. हळद भरत बसू नका.

इशारा_पातळी

पावसाळा आणि पूर. २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै इथल्या कुणाला सांगायला नको. रमणमळा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, अशा भागांत राहणाऱ्यांनी हे छापून भिंतीला लावा.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी. त्या बातमीला मांजर एका खोलीत बंद करायचं. ४३ म्हणजे धोका पातळी, तोवर वाट बघितली तर ते माळ्यावर चढून बसलेलं असतं आणि बोट दारात उभी असते.

एका मांजराला एक कॅरिअर. दोघं घरी एकत्र झोपत असली तरी घाबरल्यावर एकमेकांना फाडतात. वर उघडणारा, कडक प्लॅस्टिकचा. नसेल तर दाट विणीचा उशीचा अभ्रा, तोंडाला गाठ, हा तात्पुरता उपाय. पिशवीत: ७ दिवसांचं खाद्य हवाबंद डब्यात, चालू औषधं, लशीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये, एक उथळ पाटी, २ किलो माती, टॉवेल, आणि मांजरामागे दिवसाला पाव लिटर पिण्याचं पाणी. पुराचं पाणी पिऊ देऊ नका, अंग भिजलं तर धुऊन पुसा, नाहीतर ते सगळं चाटून पोटात जातं.

कॅरिअर एरवी माळ्यावर ठेवू नका. खोलीत कायम उघडा, आत गोधडी, अधूनमधून खाऊ. फक्त दवाखान्याच्या दिवशी दिसणारा कॅरिअर बघून कुठलंही मांजर पळणारच. दुचाकीवर नेताना दोघांनी जा. मागच्याच्या मांडीवर, जाळीच्या बाजूवर पातळ फडकं.

पावसाळ्यातलं दुसरं दुखणं गजकर्ण. ते माणसालाही होतं, मुलांना लवकर. बुरशीचे कण घरात वर्षाच्या वरही टिकतात, म्हणून नुसतं मलम लावून संपत नाही. पोटातून औषध, शाम्पू, आणि रोज झाडून-पुसून केस गोळा करणं, असं काही आठवडे चालतं. गोधड्या उन्हात टाका म्हणतात, पण ऊन असतं कुठे जुलैत? गरम पाण्याने दोनदा धुवा.

पाव_किलो_काळीज

पावसाळ्यात कोरड्या खाद्याची ७ किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. एक-दीड किलोचीच. मूळ पिशवीसकट स्टीलच्या डब्यात, उघडल्यापासून महिना-सव्वा महिन्यात संपवा. सर्द झालेल्या दाण्यांवर बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधी धरते. मुंग्यांसाठी ताटली पाणी घातलेल्या परातीत ठेवा.

पन्हाळा_रोड

मध्येच विचारतो, माफ करा. आमचा बोका ३ वर्षांचा. कालपासून सारखा पाटीत जाऊन बसतोय, जोर करतोय, काही येत नाही. बद्धकोष्ठ असावं. एरंडेल किती देऊ?

गोठा_ते_गच्ची

एरंडेल देऊ नका. हे बहुधा बद्धकोष्ठ नाही, लघवी तुंबली आहे. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, खडे आणि चिकट स्रावाने बूच बसतं. आत्ता निघा, सकाळची वाट बघू नका. पोटाच्या मागच्या भागात लिंबापेक्षा मोठा टणक गोळा लागत असेल, तो दाबू नका, फुटू शकतो. तुंबलेल्या लघवीने रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं, दोन दिवसांच्या आत. निघताना फोन करून ‘बोका, लघवी बंद’ एवढंच सांगा, समोरच्याला कळेल.

पन्हाळा_रोड

नळी घातली. ३ दिवस ठेवणार म्हणाले. घरी आल्यावर काय बघायचं?

गोठा_ते_गच्ची

वेळेत पोहोचलात. पुढचे दोन आठवडे पुन्हा तुंबायची शक्यता सर्वांत जास्त. रोज पाटीतले लघवीचे गोळे मोजा. दिवसाला २ ते ४, मुठीच्या जवळपास, हे ठीक. सुपारीएवढे बारीक आणि बरेच दिसले तर लगेच फोन. कोरडं खाणं बंद, डॉक्टरांनी दिलेलं लघवीचं ओलं खाद्य, त्यात दोन चमचे पाणी अधिक. पाण्याची भांडी तीन जागी, रुंद तोंडाची, मिशा काठाला न लागतील अशी. आणि घरात नवीन काही गडबड करू नका, ताणाने हा आजार उलटतो.

गवतीचहा

हे वाचून घाबरायला झालं, पण बरं झालं वाचलं. मुलगा आणि सासूबाईंबद्दल काही?

कुंभारगल्ली

मुलाला तीन नियम. झोपलेल्या, खाणाऱ्या आणि पाटीतल्या मांजराला हात नाही. उचलायचं तर मोठं माणूस असताना. शेपटी जोरात आपटायला लागली किंवा कान आडवे झाले की हात मागे. खेळ हाताने नाही, दोरी बांधलेल्या काठीने, सकाळ-संध्याकाळ १०-१५ मिनिटं, आणि शेवटी खाणं. संध्याकाळचा खेळ झोपायच्या आधी ठेवलात तर पहाटे ४ चा धिंगाणा बराच कमी होतो. दोरी वापरून झाली की कपाटात, गिळली तर आतडी गोळा होतात.

चावलं-ओरबाडलं आणि रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. मग डॉक्टर. सीपीआर या सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मिळते. मांजराची लस पूर्ण व्हायच्या आधी तर हे टाळूच नका, मुलं ओरखडे लपवतात.

सासूबाईंसाठी गळपट्ट्याला छोटी घुंगरी. पायात मांजर आल्याचं त्यांना ऐकू येईल. रात्री पॅसेजमध्ये मंद दिवा. त्यांच्या गोळ्यांचा डबा झाकणाचा आणि उंचावर.

घरात कुणी गरोदर असेल तर पाटी दुसऱ्याने काढावी, रोज. टोक्सोप्लाझ्माचे (गर्भाला अपाय करू शकणारा परजीवी) कण शीतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस घेतात, त्यामुळे रोज काढलेली पाटी फार कमी धोक्याची. कच्चं मांस मात्र मांजरालाही नको.

मंगळवार_पेठ

विसर्जनाच्या मिरवणुकीला काय करता? आमच्या दारावरून डॉल्बी जातो.

उनाड_बोका

रस्त्यापासून सर्वांत आतली खोली, दुपारीच बंद. खिडकीला गोधडी, पंखा चालू, लपायचा खोका, पाटी, पाणी. भिंत थरथरते तिथे खोका भिंतीला टेकवून ठेवू नका. बाहेर काढून कुशीत धरायचा मोह नको, घाबरलेलं मांजर निसटायलाच बघतं. जे फारच घाबरतं त्याचं शांत करणारं औषध आधीच डॉक्टरांकडून घ्या आणि एकदा साध्या दिवशी देऊन बघा. दिवाळीचं हेच, फक्त पाच दिवस.

जाळीवाले_काका

सोफा वाचवायचा असेल तर ओरबाडायचा खांब. दुकानातला दीड फुटी बुटका खांब कामाचा नाही, मांजराला पूर्ण ताणून नख मारायचं असतं. ४ इंची पीव्हीसी पाइप, उंची ८० सेंटिमीटर. तळाला १८ मिलिमीटर प्लाय, दीड फूट बाय दीड फूट, पाइपाला आतून लाकडी ठोकळा बसवून चार स्क्रू. तळातल्या अर्ध्या फुटात वाळू-सिमेंट ओता, नाहीतर खांब हलतो आणि एकदा हलला की ती परत हात लावत नाही. वर ६ मिलिमीटरची सुतळीची दोरी, फेरे एकमेकांना चिकटवून, दर दहा फेऱ्यांना लाकडाच्या डिंकाचा पट्टा. दोरी साधारण ५० मीटर लागते. काथ्या नको, कुसं सुटतात. खांब सोफ्याच्या शेजारीच ठेवा, कोपऱ्यात नाही.

गवतीचहा

जाळीचं काम बुधवारी होतंय, ती शनिवारी येतेय. एकच शेवटचं. पहिल्या रात्री बंद खोलीत ओरडायला लागली तर दार उघडायचं का?

उनाड_बोका

दार नाही उघडायचं, तुम्ही आत जायचं. अंथरूण तिथेच टाकून झोपलात तरी उत्तम. शांत झाली की बाहेर या. ओरडणं सुरू असताना दार उघडलंत तर ओरडण्यानेच दार उघडतं हे ती एका रात्रीत शिकते. एकदा पाटी, पाणी, तापमान बघा, आणि माजावर आली नाही ना तेही. लोळणं, शेपूट बाजूला, घोगरा लांब आवाज असेल तर ती एकटेपणाची रड नाही, नसबंदीची तारीख ठरवायची वेळ आहे.

मंगळवार_पेठ

काका, लक्ष्मीपुरीत विचारलं. खांबाची दोरी मीटरवर देत नाहीत, किलोवर देतात. ५० मीटरला किती घेऊ?

जाळीवाले_काका

दीड किलो घ्या. थोडी उरेल, ती टाकू नका. तळाचे फेरे आधी झिजतात, तेवढेच बदलायला लागते.